ललितासहस्रनाम घरी: स्तोत्र की नामावली, ते आधी ठरवा

नवरात्र जवळ आलं की एक प्रश्न हमखास येतो. शुक्रवारी संध्याकाळी चार कुटुंबं जमणार, ललितासहस्रनामाने, म्हणजे ललिता देवीच्या हजार नावांनी, कुंकुमार्चन करायचं (प्रत्येक नावाला चिमटीभर कुंकू वाहायचं). तासाभरात उरकेल का? ध्यान, अर्चन, आरती धरून दीड तास हाताशी ठेवा. बऱ्याच घरी घोळ होतो तो वेळेचा नसतो, स्तोत्र आणि नामावली यांची सरमिसळ होते.

स्तोत्र म्हणजे ब्रह्मांडपुराणात हयग्रीवांनी (विष्णूचा अश्वमुखी अवतार) अगस्त्य ऋषींना सांगितलेले अनुष्टुभ छंदातले (आठ-आठ अक्षरांच्या चरणांचे) श्लोक, १८० हून थोडे अधिक. सराव असेल तर अर्ध्या तासात होतात, रोजच्या पाठाला हेच बरं. नामावलीत प्रत्येक नाव सुटं आणि चतुर्थी विभक्तीत येतं: 'श्रीमाता'चं 'ॐ श्रीमात्रे नमः'. कुंकू वाहायचं तर नामावलीच हवी. स्तोत्राचं पुस्तक उघडून जागच्या जागी चतुर्थी करायला गेलं की 'श्रीमाता नमः' असलं काहीतरी तोंडून निघतं. त्याहून वाईट म्हणजे संधी चुकीचा सुटतो. 'सर्वारुणाऽनवद्याङ्गी' यात दोन नावं आहेत, 'सर्वारुणा' आणि 'अनवद्याङ्गी'. अवग्रहाकडे (ऽ, म्हणजे लोपलेल्या 'अ'ची खूण) दुर्लक्ष करून 'नवद्याङ्ग्यै' म्हटलं तर निर्दोष अंगांच्या देवीच्या नावातला नकारच गळतो. भास्कररायांच्या 'सौभाग्यभास्कर' या ललितासहस्रनामावरच्या टीकेप्रमाणे पदं तोडलेली छापील नामावली घ्या आणि सगळ्यांच्या हातात एकच प्रत द्या. दोन आवृत्त्यांत नावं वेगळी तोडलेली असली की पाचशेच्या आसपास दोघांचे आकडे जुळेनासे होतात.

आपल्या मराठी जिभेच्या दोन खोडी आहेत. एक, आपण मधला 'अ' खातो. 'कमलाक्षनिषेविता' ही आठ अक्षरं बोटांवर मोजून म्हणा. 'कमलाक्ष्-निषेविता' झालं की सात उरतात आणि श्लोक लंगडतो. दुसरी, 'जरा'तला ज आणि 'चमचा'तला च. संस्कृतात ते नाहीत. 'राजराजार्चिता' म्हणताना ज 'जीवन'मधला, च 'चित्र'मधला. आणि 'निजारुणप्रभापूरमज्जद्ब्रह्माण्डमण्डला' हे सोळा अक्षरांचं एकच नाव आहे, मध्ये श्वास तोडू नका. धाप लागत असेल तर वेग कमी करा. न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणं) येत नसतील तर 'सिन्दूरारुणविग्रहां' हे ध्यान म्हणून थेट नावांना सुरुवात करा.

मुलांना एकदम हजार नावांना बसवू नये, चाळीसाव्या मिनिटाला ती उठतातच. त्यांना १०८ नावं द्या, पण ललितेची नव्हे! त्यातलं पहिलंच नाव 'रजताचलशृङ्गाग्रमध्यस्थायै' आहे. लक्ष्मीची अष्टोत्तरशत नामावली 'प्रकृत्यै, विकृत्यै, विद्यायै' अशी सोप्या पायऱ्यांनी चढते आणि दहा मिनिटांत संपते. रोमन लिपीतल्या प्रतीत ट-त, ण-न एक होतात, तेव्हा आधी ऐकवून पाठ करून घ्या, कागद नंतर.

आता कुंकू. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांच्या हलक्या चिमटीने वाहिलं तर हजार नावांना दीडशे-दोनशे ग्रॅम पुरतं. सुरुवातीला चिमटी नेहमीच मोठी येते, म्हणून निम्मंच वाटीत काढा आणि ५०० नावांपर्यंत तेवढ्यातच भागवा. देवीचा टाक उंच काठाच्या ताम्हनात ठेवा, चरणांपासून वर मस्तकाकडे वाहत जा. घामाने बोटं ओलावली की कुंकवाच्या गुठळ्या पडतात; शेजारी कोरडा नॅपकिन असू द्या.

स्वस्त कुंकू बहुधा पिठात रंग मिसळून केलेलं असतं. हळद-चुन्याच्या कुंकवावर लिंबाचा थेंब टाकला तर ते पिवळसर होतं. पण या परीक्षेत शिसं कळत नाही, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिंदुरातल्या शिशाबद्दल इशारे दिलेले आहेत. घरात रांगतं मूल असेल तर सरळ अक्षता किंवा फुलांच्या पाकळ्या वाहा, देवीला काही कमी पडत नाही. मोठ्यांनीही प्रसादाला हात लावण्याआधी साबणाने धुवावेत.

ललितापंचमी, म्हणजे आश्विन शुद्ध पंचमी. या दिवशी कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते. भारताबाहेर राहत असाल तर ही तिथी भारतासाठी छापलेल्या कॅलेंडरवरून ठरवू नका. तिथी स्थानिक सूर्योदयावर ठरते, अमेरिकेत ती कधीकधी एक दिवस आधी पडते. आपल्या शहराचं पंचांग पाहा.

ऑनलाइन जमणार असाल तर एकाचाच माइक चालू ठेवा. आवाज मागे-पुढे पोचतो, त्यामुळे सामूहिक 'नमः' म्हणजे गोंगाट होतो. बाकीच्यांनी आपापल्या घरी म्हणावं.

अर्चन झालेलं कुंकू सिंकमध्ये ओतू नका. डब्यांतून वाटा, वर्षभर कपाळी लावायला होतं. आणि भाड्याच्या घरातल्या कार्पेटवर सांडलं तर ओला फडका अजिबात लावायचा नाही. आधी व्हॅक्यूम, मग चिकटपट्टीने उचलायचं. पाणी लागलं की रंग धाग्यात उतरतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.