जीन एडिटिंगचा गावाकडच्या माणसाशी काय संबंध?

तुम्ही विचारलंय की जीएम पिकं, जीन एडिटिंग, डीएनए टेस्ट यांच्या बातम्या रोज येतात, पण त्याने आरोग्य, शेती आणि समाज खरंच बदलतोय का, की हे सगळं अमेरिका-चीनपुरतंच आहे?

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडचा. नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, घरी कपाशी आणि थोडी पपई. आमच्या भागापुरतं माझं मत असं की सध्या जनुक बदलण्यापेक्षा ते तपासून घेतल्याने जास्त फरक पडतोय. बदललेलं जनुक शेतात कधीच येऊन बसलंय, तेवढं मात्र लोक विसरतात.

2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळे झाडच असं प्रथिन तयार करतं की ते पोटात गेलं की बोंडअळीचं आतडं फाटतं. हे एडिटिंग नव्हे, बाहेरचं जनुक आणून बसवणं, म्हणजे जीएम. 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. सुरुवातीची वर्षं झकास गेली. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे कुठलाही जुना शेतकरी सांगेल. मग 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी खाल्ली.

असं का झालं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. 450 ग्रॅमच्या बियाण्यासोबत 120 ग्रॅमचं बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं. त्यावर साध्या अळ्या जगणार, आणि बीटी पचवणारी एखादी निघालीच तर तिचा पतंग या साध्यांशी जुळणार. म्हणजे पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणार. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकून दिलं. अळीला खायला घालण्यासाठी कपाशी कोण लावेल? हिरवी अळी तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून ती लवकर सरावली नाही. गुलाबी अळीचं पोट जवळजवळ कपाशीवरच, त्यामुळे तीच आधी निर्ढावली. त्यात आपली खानदेशी सवय, ठिबकवर मे महिन्यात लागवड आणि शेवटी फरदड, म्हणजे हंगाम संपला तरी झाडं उभी ठेवून पुन्हा बोंडं घेणं. अळीला वर्षातून फार थोडे दिवस उपास घडायचा. कपाशीचं बियाणं फार आधी विकू देत नाहीत ते याचसाठी.

दोष बियाण्याचा की आपला, यावर पारावर अजून वाद चालतात. माझ्या मते जनुकाने सांगितलेलं काम केलं. त्याच्यासोबत करायची कामं कंपनी, कृषी खातं आणि आपण, कोणीच केली नाहीत. आता तणनाशक सोसणारं एचटीबीटी कपाशीचं बियाणं परवानगीशिवाय चोरून विकलं जातं. ना बिल, ना हमी, आणि उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार?

एडिटिंगचा खरा उपयोग मला दिसतो तो केळीत. जळगावकडच्या रावेर-यावलच्या बागा बहुतेक ग्रँड नैनच्या, म्हणजे आपल्या जी-9 च्या. बी नाही, सगळी झाडं एकसारखी. त्यामुळे संकर करून नवी जात काढणं महाकठीण, आणि एका झाडाला लोळवणारा रोग अख्खी बाग लोळवू शकतो. सीएमव्ही या विषाणूमुळे उपटून टाकायला लागलेल्या बागा तिकडच्या लोकांनी पाहिल्यात. मर रोगाचा टीआर-4 हा प्रकार बिहार, उत्तर प्रदेशपर्यंत आलेला आहे. त्याला तोंड देणाऱ्या क्यूसीएव्ही-4 या केळीला ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये परवानगी दिली, पण ती जीएम आहे, रानकेळीचं जनुक घातलेली. बाहेरचं काही न घालता केळीच्याच जनुकात दुरुस्ती करता येते. मोहालीच्या नाबी संस्थेत क्रिस्पर (जनुक नेमक्या जागी कापून दुरुस्त करायचं तंत्र) वापरून ग्रँड नैनच्या गरात बीटा-कॅरोटिन, म्हणजे ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवतं ते, वाढवून दाखवलंय. जीवनसत्त्व ठीक आहे हो, रोगाचं आधी बघा असं मला वाटतं.

आमच्या पपईला रिंगस्पॉट व्हायरस छळतो. हवाई बेटांवर 1998 पासून त्याला दाद न देणारी जीएम पपई पिकते, आपल्याकडे नाही. बीटी वांगं 2010 मध्ये केंद्राने थांबवलं. बांगलादेशात शेतकरी 2014 पासून ते लावतात. भरितावर जगणाऱ्या मुलखाने यावर काही बोलायला हवं होतं. माझ्या आईचं म्हणणं, "अळीचं वांगं बरं, निदान त्याच्यावर औषध मारलेलं नाही." ते मला अजून खोडता आलेलं नाही.

भातात गाडी पुढे गेली. बाहेरचं जनुक शिल्लक न राहणाऱ्या एडिटेड पिकांना केंद्राने 2022 मध्ये जीएमच्या कडक नियमांतून वगळलं आणि मे 2025 मध्ये अशा दोन जाती जाहीर केल्या, कमला आणि पुसा डीएसटी राइस 1. नवापूरकडचे भातवाले सोडले तर आपल्याला त्याचं लगेच काही नाही.

आता आरोग्य. इथे मी रोज बसतो, म्हणून जरा लांबण लावतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं, एवढंच. तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं-सांधे असे ठणकतात की मोठा माणूस रडतो. हे जनुक टिकलं कारण ज्याला ते एकाच पालकाकडून मिळतं, त्याला मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही.

यावर एडिटिंगचं औषध आलंय. कॅसजेव्हीला 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजुरी दिली. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, क्रिस्परने एक बटण बंद करून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करायचं, केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करायची आणि दुरुस्त पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देशी आणि स्वस्त उपचारावर काम चालू आहे, त्यावर माझी आशा आहे. पण स्वस्त झालं तरी केमो आणि कित्येक आठवडे मोठ्या दवाखान्यात राहणं चुकत नाही. धडगावच्या पाड्यावरच्या पोराला आज मिळतं ते हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अ‍ॅसिड, पाणी भरपूर पिण्याचा सल्ला आणि वेळ आली तर रक्त. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके खूप कमी होतात. गोळी मध्येच बंद केली की पोरगं परत भरती.

म्हणून तपासणी. जुलै 2023 मध्ये केंद्राचं सिकलसेल अभियान सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांना तपासायचं ठरलं. कागदावर सोपं आहे. रिपोर्टवर 'वाहक', म्हणजे ते जनुक एकाच पालकाकडून आलेलं, असं आलं की आई विचारते, "आमनी पोरले काय रोग से का?" रोग नाही. वाहक माणूस धडधाकट असतो, शेती करतो, म्हातारा होतो. फक्त नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे समजावायला रिपोर्ट काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्यासाठी माणूस कमी पडतो. मग काय होतं, वाहक मुलीचं कार्ड घरचे ट्रंकेत लपवतात, लग्न मोडेल म्हणून. मुलाचं कार्ड कोणी मागतच नाही. समाज जनुकाने कसा बदलतोय विचारलंत ना, तर हा असा.

विम्याचंही तेच. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'जनुकीय आजार' असा सरसकट शिक्का मारून दावा नाकारणं हा भेदभाव ठरवला. तरी पॉलिसीतले अपवाद वाचून सही करा. आणि ते मनासारखी पोरं घडवण्याचं: 2018 मध्ये चीनच्या एका शास्त्रज्ञाने भ्रूणात बदल करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, त्याला तीन वर्षांची कैद झाली. तुमच्या-माझ्या तालुक्यात त्याची काळजी आत्ता नको.

घरात लग्नाचं बघत असाल आणि तुम्ही या पट्ट्यातले असाल, तर मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली तर तिथे थांबू नका, वाहक की रुग्ण हे ती सांगत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस मागा, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून कळतात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नमुना देण्याआधी लॅबवाल्याला सांगा, नाहीतर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळून येतं. दोघंही वाहक निघालात तरी लग्न मोडायचं कारण नाही. दिवस राहिले की दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. ती कायदेशीर आहे, फक्त त्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणी जावं लागतं, तेव्हा पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांशी बोला.