जाहीरनामा मान्य होऊनही जगभरातील मूलनिवासी समाजांचे हक्क का डावलले जातात?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 13 सप्टेंबर 2007 रोजी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा 144 विरुद्ध 4 मतांनी स्वीकारला, विरोधात मत देणारे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका हे देशही पुढे राजी झाले, तरी या समाजांच्या जमिनी जातच आहेत. असे का होते आणि सामान्य माणसाने यात काय करावे? गरिबी, आरोग्य, लोपत चाललेल्या भाषा हे सगळे या विषयात येते आणि ते महत्त्वाचेही आहे. मी मात्र एकाच शब्दाविषयी लिहिणार आहे, कारण त्या शब्दावरून झालेला माझा एक वाद अजून मिटलेला नाही.

मी अनुवादक आहे. जाहीरनामा येऊन काही वर्षे झाल्यावर एका संस्थेने प्रकल्प-अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तयार केलेली पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे सोपवले. जाहीरनाम्याच्या कलम 10, 19 आणि 32 मध्ये जी संज्ञा येते, तिच्यासाठी मी पुष्कळ विचारान्ती ‘दबावाविना आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली पूर्वसंमती’ असे शब्द योजले होते. मुद्रिते तपासायला आली, तेव्हा तिन्ही ठिकाणी ‘संमती’ जाऊन ‘सल्लामसलत’ आलेली दिसली. मी संपादकांना भेटायला गेले. ते वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे होते आणि त्यांनी मला समोर बसवून शांतपणे समजावले : “अहो, संमती म्हटले की नकारही आला, आणि नकाराचा अधिकार कोणते सरकार देईल? अधिकाऱ्यांना पाळता येईल असे लिहा.” आधाराला त्यांनी जागतिक बँकेचे 2005चे धोरण दाखवले. त्यात खरोखरच ‘संमती’च्या जागी ‘सल्लामसलत’ असा शब्द होता, आणि इंग्रजीत दोन्ही शब्दांचे (consent आणि consultation) आद्याक्षर एकच असल्यामुळे संक्षेपात हा बदल दिसतही नव्हता.

मी म्हणाले की बँकेचे धोरण बँकेपाशी, आपण जाहीरनाम्याचा अनुवाद करीत आहोत. कलम 19 आणि 32 मध्ये सल्लामसलत आहे, पण ती संमती मिळवण्यासाठी करायची आहे; त्या वाक्यांचा हेतू काढून टाकून कृती तेवढी ठेवता येत नाही. कलम 10 मध्ये तर सल्लामसलतीचा उल्लेखच नाही. संबंधित लोकांच्या संमतीशिवाय त्यांचे स्थलांतर होणार नाही, असे तिथे सरळ म्हटले आहे. त्यावर त्यांनी विचारले, “एका शब्दाने वाचणाऱ्याला काय फरक पडतो?” मला उत्तर सुचले नाही. मी गप्प राहिले, मानधन घेतले, आणि पुस्तिका त्यांच्या शब्दांनिशी छापली गेली.

काय फरक पडतो, याचे उत्तर मला मे 2020 मध्ये मिळाले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन गॉर्ज येथील प्राचीन शैलाश्रय रिओ टिंटो या खाणकंपनीने लोहखनिजासाठी सुरुंग लावून उडवले. तिथे सुमारे 46,000 वर्षांपासूनचा मानवी वावर सिद्ध झाला होता. उत्खननात सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचे, माणसांच्या केसांचे विणकाम मिळाले होते, आणि त्या केसांचे नाते त्या भूमीच्या आजच्या पुटू कुन्ती कुर्रामा व पिनिकुरा लोकांशी जुळत होते. कंपनीकडे 2013 मध्ये मिळालेला कायदेशीर परवाना होता, आणि त्या लोकांशी बैठका, करार, पत्रव्यवहार हे सारे वर्षानुवर्षे झालेले होते. म्हणजे सल्लामसलत होती. पुढे संसदीय चौकशीत उघड झाले की, खाणीच्या विस्ताराचे चार पर्याय कंपनीपुढे होते आणि त्यांपैकी तिनांत हे आश्रय वाचले असते, पण ते पर्याय त्या लोकांना सांगितलेच गेले नव्हते. माझ्या संपादकांची पुस्तिका अक्षरशः पाळणाऱ्या अधिकाऱ्याला यात काहीही गैर दिसले नसते.

ही गोष्ट केवळ खाणींची नाही. नॉर्वेतील फोसेन येथे सामी या तेथील मूलनिवासी समाजाच्या पशुपालकांच्या रेनडिअर चरणीच्या भूमीवर 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. 11 ऑक्टोबर 2021 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते परवाने अवैध ठरवले, परंतु तोवर चक्क्या फिरू लागल्या होत्या आणि निकालानंतरही फिरत राहिल्या. पाचशे दिवस उलटल्यावर सामी तरुणांना ऑस्लोत मंत्रालयात ठिय्या द्यावा लागला. 2023 आणि 2024 मध्ये तडजोडीचे करार झाले, आणि चक्क्या जागेवरच आहेत. आपल्या ‘का’चे निम्मे उत्तर माझ्या मते इथे आहे : परवाना आधी, बांधकाम मग आणि न्याय शेवटी, असा क्रम लागला की न्यायालयाला भरपाईपलीकडे फारसे काही देता येत नाही. ‘पूर्वसंमती’तला ‘पूर्व’ त्यासाठीच आहे.

माझे संपादक सर्वस्वी चुकीचे नव्हते, हेही सांगायला हवे. जाहीरनामा कायद्याने बंधनकारक नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1989चा 169 क्रमांकाचा करार बंधनकारक आहे, पण मोजक्याच देशांनी तो स्वीकारला आहे. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने 2007 मध्ये सुरिनामच्या सारामाका लोकांच्या खटल्यात संमती अनिवार्य ठरवली ती मोठ्या आणि खोल परिणाम करणाऱ्या प्रकल्पांसाठी. इतर ठिकाणी सल्लामसलत पुरेशी मानली. शिवाय समाजात मतभेद असतात आणि संमती कोणी द्यायची, हा प्रश्न सोपा नाही. तरीही 2016 मध्ये मंजूर केलेल्या नव्या चौकटीत खुद्द जागतिक बँकेने ठरावीक गंभीर प्रसंगांसाठी ‘संमती’ हा शब्द स्वीकारला. ज्या कागदाच्या बळावर माझा शब्द खोडला गेला, तो कागदच बदलला.

सामान्य माणूस वाचू शकतो, एवढेच मी सुचवीन. ‘स्थानिकांशी चर्चा झाली’ अशी बातमी दिसली, तर परवान्याची तारीख आणि पहिल्या बैठकीची तारीख शेजारी ठेवून पाहा. कागदपत्रे लोकांच्या भाषेत दिली होती का, आणि त्यांनी नाही म्हटले असते तर काय बदलले असते, हे विचारा. आपण अनुवादाच्या कामात असाल तर ज्येष्ठांच्या शांत स्वरापुढे माझ्यासारखे गप्प राहू नका. आणि ती पुस्तिका कधी हाती आलीच, तर कलम 10 उघडा, ‘सल्लामसलत’ खोडा आणि तिथे ‘संमती’ लिहा.