कृत्रिम सांध्यातील घर्षणाने प्रथिने खरोखर ‘शिजतात’ का?

कृत्रिम सांधा हलताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने भोवतालच्या द्रवातील प्रथिने शिजतात का, असा आपला प्रश्न आहे. काही वर्षे सांध्यांच्या झीज-चाचण्यांचे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की ‘शिजणे’ हा शब्द अर्धाच बरोबर आहे.

सांध्यातील द्रवात सर्वाधिक आढळणारे प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ५८५ अमिनो आम्लांची ही साखळी बहुतांशी सर्पिल घड्यांत गुंडाळलेली असते आणि तिचे पाणी टाळणारे भाग आत दडलेले असतात. केवळ उष्णतेने ही घडी मोडायची तर साधारण ६० अंश सेल्सिअस तापमान लागते. खुब्यात बसवलेल्या संवेदकांनी मात्र तासभर चालल्यानंतरही ४३ अंशांच्या आसपासचेच कमाल तापमान नोंदवले आहे. परस्परांना टेकणाऱ्या सूक्ष्म उंचवट्यांवर क्षणभर त्याहून अधिक उष्णता निर्माण होऊ शकते, हे मान्य. तरीही पृष्ठभागाला चिकटणे आणि घासले जाण्याचा ताण यांनीही घडी सैल होते, आणि माझ्या मते या दोन कारणांकडे आपण फार कमी लक्ष देतो.

घडी सुटली की आतले भाग उघडे पडतात आणि रेणू एकमेकांना व पृष्ठभागाला चिकटू लागतात. कृत्रिम सांध्याची वाटी ज्या प्लास्टिकची करतात त्या पॉलिथिलीनसारख्या, पाणी धरून न ठेवणाऱ्या पृष्ठभागावर अशा उलगडलेल्या अल्ब्युमिनचा घट्ट थर बसतो आणि घर्षण वाढते. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा त्याच धातूच्या वाटीत फिरतो तेव्हा मात्र प्रथिनांचे अवशेष धातूच्या कणांत मिसळून कार्बनयुक्त पातळ थर तयार होतो. त्यात ग्राफाइटसारखा कार्बन असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. हा थर धातूला झिजण्यापासून काही प्रमाणात वाचवतो, त्यामुळे बदललेले प्रथिन नेहमी घातकच असते असे म्हणता येत नाही.

चाचणीयंत्रात आपण वासराच्या रक्ताचा द्रव वापरतो आणि दर ५ लाख आवर्तनांनंतर तो बदलतो. तोवर तो गढूळ होऊन तळाशी साका बसलेला असतो, आणि हा साका झिजेच्या मोजमापातही लुडबूड करतो. त्याऐवजी नुसते पाणी वापरावे, तर पॉलिथिलीन धातूच्या गोळ्यावर थापले जाते; रुग्णांच्या शरीरातून काढलेल्या सांध्यांवर तसे सहसा दिसत नाही.