बाळासाठी केळ्याचं धिरडं

अगं, बाळ सहा महिन्यांचं झालंय, आधाराने नीट बसतंय, तर आता धिरडं द्यायला हरकत नाही. पण पॅनकेकचं तयार पीठ विकत आणू नकोस. रावेर-यावलची केळी दारात आणि दादरचं, म्हणजे आपल्या खानदेशी ज्वारीचं, पीठ डब्यात असताना ते कशाला?

सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घे. अशा पिकलेल्या केळ्याला गोडी असते, साखर लागतच नाही. हातानेच कुस्कर, तीन-चार चमचे दादरचं पीठ आणि लागेल तसं पाणी घाल. दहा मिनिटं झाकून ठेव. ज्वारी पाणी पिते, मग धिरडं तुटत नाही. तव्यावर तुपाचं बोट फिरव आणि आच मंदच ठेव. केळ्यामुळे ते बाहेरून पटकन लाल होतं, आत मात्र कच्चं राहतं. माझी पहिली सगळी अशीच गेली. तळहाताच्या खळग्याएवढी छोटी घाल, कडा सुटल्या की उलट.

गार झाल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापून बाळाच्या हातात दे आणि खाईपर्यंत शेजारीच बस. दाण्याचं कूट घालायचं तर पहिल्यांदा चिमूटभरच, तेही सकाळी, म्हणजे अंगावर पुरळ आलं तर दिवसा कळतं. वर्षाच्या आत मीठ नको. मध तर चाटवायलाही नको, सासूबाईंनी कितीही म्हटलं तरी.