धाकट्याला थोरलीपेक्षा जास्त औषध? आधी बाटलीचं लेबल बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोरली पाच वर्षांची, वजन १८ किलो, घशाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक ५.५ मिली दिवसातून दोनदा. धाकटा वर्षाचा, ९ किलोचा, कानात संसर्ग, त्याला तेच अमॉक्सिसिलिन ७.५ मिली दोनदा. निम्म्या वजनाच्या बाळाला जास्त कसं, डॉक्टरांकडून लिहिताना चूक झाली असणार, असं वाटून कालपासून तुम्ही त्याला निम्मंच देताय. शंका यावी असेच आकडे आहेत. पण तुम्ही लेबलवरचं जे लिहिलंय ते पाहता मला यात चूक दिसत नाही, आणि निम्मा डोस मात्र आजच थांबायला हवा.

मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डसाठी औषधं देण्याचं काम करते. पालकांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथेच. डोस ठरतो मिलिग्रॅमवर, मिली हे नुसतं माप. थोरलीच्या बाटलीत ५ मिलीला ४०० मिलिग्रॅम औषध आहे, धाकट्याच्या बाटलीत २५०. आता हिशेब करून बघा. थोरलीच्या ५.५ मिलीत ४४०, दोन वेळचे मिळून ८८०. त्याला १८ ने भागलं की दिवसाला किलोमागे साधारण ४९ मिलिग्रॅम. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरला असेल तर ५० देतात, म्हणजे बरोबर बसलं. धाकट्याच्या ७.५ मिलीत ३७५, दिवसाचे ७५०, भागिले ९ म्हणजे ८३. कानाच्या संसर्गाला ८० ते ९० देतात.

कानाला एवढं जास्त का? पडद्यामागे साठलेल्या द्रवात औषध रक्ताइतकं पोचत नाही. शिवाय तिथे बऱ्याचदा न्यूमोकोकस नावाचा जंतू असतो, आणि त्याच्या काही जाती साध्या डोसला पुरती दाद देत नाहीत. डोस वाढवला की त्यातल्या बऱ्याच आटोक्यात येतात. तुमचं निम्मं म्हणजे किलोमागे ४१-४२. त्यात नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. बाळाला जपायला म्हणून केलंत हे मला कळतं, पण त्याने उलटंच होऊ शकतं.

हा हिशेब दुसऱ्या औषधाला मात्र लावू नका. अझिथ्रोमायसिन बऱ्याच वेळा दिवसातून एकदाच, किलोमागे १० मिलिग्रॅम असतं. आणि 'किलोमागे इतके' हे दिवसाचे की एका वेळचे, यात घोळ झाला तर डोस सरळ दुप्पट-तिप्पट होतो. मी पाहिलेल्या वाईट चुका बहुतेक याच जातीच्या. क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड (जंतूंना अमॉक्सिसिलिन निकामी करू न देणारा घटक) घातलेलं अमॉक्सिसिलिन तर आणखी वेगळं. त्यातलं दोन्हींचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं, म्हणून एकाऐवजी दुसरी बाटली मनाने वापरली तर क्लॅव्ह्युलॅनिक जास्त जाऊन जुलाब लागतात. मोठ्या, जाड मुलांत वजनाने गुणत गेलं तर आकडा मोठ्या माणसाच्या डोसपलीकडे जातो, तिथे कमाल मर्यादा पाळावी लागते. तुमच्या दोघांना तो प्रश्न नाही.

बाटलीतली पावडर घरी पाण्यात कालवलीत का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. एक आई मला आठवते. चार दिवस झाले तरी लेकराचा ताप हटेना म्हणून बाटली घेऊन आली. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, खूण खाली कुठेतरी राहिलेली. लेबलवर २५०, पण आतलं औषध पातळ झालेलं. आधी कोरडी बाटली हलवून पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या जरा खाली घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचं. फेसातच भरलं तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. नंतर प्रत्येक डोसआधी हलवायचं, नाहीतर पहिले डोस फिके आणि तळाचे कडक. घरातला चमचा नको, चमच्याचमच्यात फरक असतो. सुई नसलेली तोंडाने द्यायची सिरिंज घ्या.

आता लगेच करायचं ते असं. डॉक्टरांना फोन करा, वजन ९ किलो, बाटली ५ मिलीला २५० ची आणि कालपासून निम्मं दिलंय, हे तिन्ही सांगा. त्यांनी हो म्हटलं की पुढच्या वेळेपासून पूर्ण ७.५ मिली. राहिलेलं भरून काढायला दुप्पट देऊ नका. कानामागे सूज किंवा लाली दिसली, बाळ मलूल झालं, तर फोनवर न थांबता दाखवायला न्या. आणि दोन्ही बाटल्यांवर मुलांची नावं मोठ्या अक्षरात चिकटवा. थोरलीच्या बाटलीतून धाकट्याला ७.५ मिली गेलं, तर ते एका वेळी ६०० मिलिग्रॅम होईल.