तिसऱ्या रांगेतला फोन

बेटा,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. उत्तर टाइप करायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून आता हे पत्रच समज.

तुझ्या मैफलीच्या त्या संध्याकाळी मी पाचव्या रांगेत होतो, मला सगळं दिसत होतं. तू मारवा रागात धैवतावर, म्हणजे ध वर, उभी होतीस, तानपुऱ्यातून सा येत होता आणि तू त्याला हात लावत नव्हतीस, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेत फोनचा तो निळा चौकोन पेटला. तुझी नजर तिकडे गेली, घेतलेली मींड, ती सुरावरून सुरावर घसरत जायची ओढ, मधेच सुटली, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच तुकडा इन्स्टावर आणि यूट्यूबवर. तू म्हणतेस की पैशाचं दुःख नाही, पण माझी फसलेली जागा आता कायमची लोकांच्या फोनमध्ये राहणार. हे मला पोचलं बेटा. मैफलीत माणूस नवीन काहीतरी करून बघतो, दहात तीनदा पडतो, आणि पडायची मुभा आहे म्हणूनच उरलेल्या सात जागा सापडतात. प्रत्येक जागा रेकॉर्ड होतेय म्हटलं की गवई घोटलेलंच गायला लागतो. मी चाळीसएक वर्षं पेटीच्या साथीला बसलो, हे होताना समोर बघितलंय.

पण तू जे करायला निघालीस ना, पोलीस कम्प्लेंट वगैरे, ते आत्ता नको करू. आधी आपला हक्क नेमका काय आहे ते नीट समजून घे.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क 1994 च्या दुरुस्तीने आला, 1999 ला त्याची मुदत 50 वर्षं झाली आणि 2012 च्या दुरुस्तीने तो आणखी पक्का केला. तुझ्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायचं, त्याच्या कॉप्या काढायच्या, ते लोकांपर्यंत पोचवायचं, यातलं काय होऊ द्यायचं ते तू ठरवणार. पण त्याच कायद्यात कलम 39 आहे, आणि ते म्हणतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खरोखर शिकवण्यासाठी, संशोधनासाठी कोणी रेकॉर्ड केलं तर तुझ्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या त्या पोराने घरी ऐकायला रेकॉर्ड केलं असेल तर तिथवर कायदा त्याच्या बाजूने आहे, त्याने अपलोडचं बटण दाबलं तिथून तो तुझ्या बाजूने झाला. (संयोजकाने तिकिटावर फोन बंदी छापली तर ती त्याची अट, तो भाग वेगळा.)

आणि एक, क्लिप छोटी कापली म्हणून 'माझं गाणं विद्रूप केलं' असं लगेच म्हणता येत नाही. वेळेत बसवायला नुसता भाग काढला तर तेवढ्याने बदनामी धरू नये असं कायद्यातच स्पष्टीकरण दिलंय. नाव न टाकणं मात्र चूक आहे, कलाकार म्हणून ओळख मिळणं हा तुझा हक्कच आहे. तुझं नाव होतं त्या क्लिपवर. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काहीच नव्हतं. तुझ्याही लक्षात आलं नाही ना? बेटा, ते दोघंही कायद्याने कलाकारच आहेत, तुझ्याएवढेच. माझ्या साथीची एक आख्खी मैफल कॅसेट करून विकली गेली होती, विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, कव्हरवर माझं नाव नव्हतं आणि पैसा तर नव्हताच, ते अजून सलतं.

पण रेकॉर्ड करणाऱ्याचा राग राग करू नको, कारण तोही मीच होतो. कॉलेजात असताना नागपुरातल्या धरमपेठेत एका घरगुती बैठकीला शबनममध्ये टेपरेकॉर्डर लपवून नेला होता. एप्रिल महिना, गाण्यात आवाज नको म्हणून कूलर बंद केलेला, लोक घामाने निथळून राहिलेले पण कोणी हलत नाही, बुवांची आलापी सुरू, आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू संपली आणि बटण खट्‌कन वर आलं. बुवा थांबले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. बुवांनी एवढंच विचारलं, विचारलं का नाहीस? मग म्हणाले, दुसरी बाजू लाव. बुवा गेल्यावर त्या रागाची त्यांची दुसरी ध्वनिफीत कोणाकडेच निघाली नाही. उस्ताद अमीर खाँसाहेब 1974 ला गेले, कंपन्यांनी काढलेल्या त्यांच्या रेकॉर्ड्स मोजक्या, आपण आज त्यांचं जे एवढं ऐकतो त्यातलं कितीतरी अशा खासगी मैफलींतलंच आहे. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही.

आता करायचं काय ते सांगतो. गाणं सुरू व्हायच्या आधी, तानपुरे लागत असतानाच निवेदकाकडून सांगून घे, रेकॉर्डिंग चालेल की नाही, चाललं तर फक्त ऐकायला, अपलोड विचारून. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाच्या बँडने 1984 पासून रेकॉर्ड करणाऱ्यांना वेगळी जागाच दिली होती, अट एकच, विकायचं नाही. आपल्याकडे मागची एक रांग द्यायला काय हरकत आहे? आणि संयोजकाशी कागद कर. तो म्हणतो ना 'आम्ही शूटिंग करतो, बाकी काही नाही', तिथेच लिहून घे की ते कुठे टाकणार, किती वर्षं, साथीदारांना काय मिळणार. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर आख्खा भारत.

त्या पोराला आधी मेसेज कर. थेट यूट्यूबकडे तक्रार करून कॉपीराइट स्ट्राइक नको. यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनल जातं, त्याच्या चॅनलवर गावातल्या बारा-पंधरा छोट्या मैफली आहेत, मी बघितल्या, दुसरं कोणी त्या जपून ठेवत नाही. ऐकला नाही तरच तक्रारीचा फॉर्म भर.

आणि एक विचारायचं राहिलं. शेवटी तू सुरेश भटांची गझल गायलीस. भटसाहेब 2003 ला आपल्या नागपुरातच गेले, कवीचा हक्क त्याच्या मागे 60 वर्षं राहतो, म्हणजे 2063 संपेपर्यंत. संयोजकाने त्याचं लायसन्स घेतलं होतं का? तू स्वतः तुझ्या पेजवर ती गझल टाकलीस तेव्हा कोणाला विचारलंस? चालही तुझी नाही.

रविवारी सकाळी ये, त्या पोराचा नंबर मिळाला तर त्यालाही आण. कागदाचा नमुना मी काढून ठेवतो. आणि ती क्लिप परत ऐकलीस का? मींड सुटल्यावर तू जो कोमल रिषभ पकडलास तो मी चारदा मागे नेऊन ऐकला, पेटीवर काढायला बघतोय, येत नाहीये अजून.

तुझा काका