वेरूळची बौद्ध लेणी, पहाटेचा फोटो

प्रश्न: उजाडायच्या आधी वेरूळच्या बौद्ध लेण्यांचे फोटो काढायचेत, जमेल का? ट्रायपॉड नेऊ का?
– एक वाचक, परभणी

उत्तर: आत जाऊन नाही जमणार, गेट सूर्योदयाला उघडतं आणि मंगळवारी बंदच असतं, त्यामुळे अंधारातला फोटो हवा असेल तर बाहेर रस्त्यावरूनच डोंगराची रेघ आणि मागचं निळं आकाश धरा, उजाडायच्या अर्धा तास आधी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकार) ठेवून काही सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, मग बघत बघत कमी-जास्त करायचं. इथे ट्रायपॉड लागणारच. आत मात्र पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तो चालत नाही, ड्रोनचं तर नावच काढू नका.

पण खरं सांगू का, गेट उघडल्यावर लगेच आत जा, मला तीच वेळ जास्त आवडते! वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, सूर्य डोंगरामागून येतो, म्हणून सकाळी बराच वेळ दर्शनी भाग सावलीत राहतो आणि मऊ, सारख्या उजेडात कोरीवकाम फार सुंदर दिसतं. १ ते १२ ही बौद्ध लेणी, त्यातलं १० नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, आधी गाठा, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत म्हणून लोक त्याला सुतार का झोपडा म्हणतात. आत अंधार खूप, तेव्हा आयएसओ १६०० ते ३२०० करा आणि कोपर अंगाशी घट्ट धरून श्वास रोखून क्लिक करा, फ्लॅश बंदच ठेवा. बुद्धमूर्तीवर थेट ऊन हवं असेल तर मात्र संध्याकाळी या.